प्रश्नाखालचं नाव

सर,

तुमच्या वहीतल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आज बसले आहे. पंधरा वर्षं ती वही माझ्या कपाटात साड्यांखाली आहे आणि पंधरा वर्षं तो प्रश्न मला पाठ आहे. त्या शनिवारी मी तुमच्या वर्गात मागच्या बाकावर तपासणीला बसले होते आणि तुम्हाला ओळख दाखवली नाही, त्याबद्दलचा प्रश्न आहे तो. तुम्ही गेलात, मग तुमच्या घरच्या काकूही गेल्या. आता उत्तर ऐकायला कोणी उरलं नाही, बहुधा म्हणूनच मला लिहायचा धीर आला. आज रविवार आहे. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत आई तांदूळ निवडत बसलीय. पिशवीतून येतो तो तांदूळ स्वच्छच असतो, पण तिला हातात सूप लागतंच. मी आतल्या टेबलाशी लिहितेय आणि ती मधूनमधून विचारते, "काय लिव्हतीस?" मी म्हणते, "शाळेचं." तसं ते खोटंही नाही.

तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा मी सातवीत होते. घाट चढून वर आल्यावर पेठच्या बाजूचं आमचं गाव, भाताची आणि नागलीची शेती, आणि पत्र्याच्या चार खोल्यांची शाळा. नाशिक रोडचा माणूस इथं टिकायचा नाही, असं सगळे म्हणायचे. तुम्ही गावातच एका पडवीत खोली घेतलीत, शनिवारी दुपारच्या एसटीने घरी जायचात आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत यायचात. पहिले काही महिने तुम्हीही सगळ्यांसारखंच इंग्रजी शिकवलंत. एक ओळ वाचायची, तिचा मराठी अर्थ सांगायचा, आणि आम्ही तो शिसपेन्सिलीने त्या ओळीच्या डोक्यावर लिहून घ्यायचा. पण ते मराठी तरी आमचं कुठं होतं? आमच्या घरी ‘आहे’चं ‘हाय’ व्हायचं, आणि पुस्तकातले निम्मे शब्द आम्ही फक्त शाळेतच ऐकायचो. एका ओळीसाठी आम्हाला दोन घाट चढावे लागत आणि बहुतेकांचा दम पहिल्याच घाटात संपे. हे तुमच्या लक्षात कसं आलं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. एके दिवशी धडा संपल्यावर पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "ही गोष्ट आज घरी सांगा. घरी जसं बोलता तसंच सांगा. आणि ऐकून घरचं माणूस जो प्रश्न विचारेल तो उद्या घेऊन या. तुमचा प्रश्न नको मला, घरचा हवा." आम्हाला वाटलं, सरांचं डोकं फिरलं.

तो धडा एका म्हाताऱ्या पोस्टमनचा होता. कुठल्यातरी थंड देशात बर्फ पडतोय, डोंगरावर एक विधवा एकटी राहते, आणि तिच्या मुलाचं पत्र घेऊन हा दिवसभर डोंगर चढतोय. संध्याकाळी चुलीपुढे बसून मी आईला ते सांगतेय. ती भाकरी थापतेय. बर्फ म्हणजे काय हे समजावण्यातच माझी निम्मी गोष्ट खर्ची पडते. शेवटी पत्र पोचतं, बाई रडते, गोष्ट संपते. आई भाकरी उलटते आणि विचारते, "पन त्या बाईला पानी कोन आनून देतं? येवढ्या उंचाला येकटी ऱ्हाती ती." आमच्या गावची विहीर तेव्हा होळीनंतर आटायची आणि आई दोन हंडे घेऊन खालच्या झऱ्यावर उतरायची. तिला दुसरं काय सुचणार? मला मात्र लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वर्गात तो प्रश्न मी पुटपुटल्यासारखा सांगितला. तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, "कुणी विचारला?" मी आईचं नाव सांगितलं. तुम्ही खडू घेऊन फळ्यावर इंग्रजीत लिहिलंत, ‘हू ब्रिंग्ज हर वॉटर?’ आणि त्याखाली माझ्या आईचं नाव. मग वर्गाकडे वळून म्हणालात, "लेखक विसरला, ही नाही विसरली. आता शोधा, अख्ख्या धड्यात कुठं उत्तर सापडतंय का." आम्ही तो धडा त्या दिवशी चार वेळा वाचला. पाण्याचा उल्लेख कुठंच नव्हता, पण शोधता शोधता धडा आमचा होऊन गेला. आणि जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं ती माझी आई त्या दिवशी इंग्रजीच्या फळ्यावर होती. घरी जाऊन तिला हे सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "पुसलं नाय ना कुनी?"

मग ती रीतच पडली. धडा झाला की घरचा प्रश्न. कुणाची आजी विचारायची, कुणाचा चुलता. द्राक्षाच्या बागांच्या कामाला माणसं दिंडोरीकडे उतरली की गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांचे प्रश्न यायचे, ते सगळे मरणाबद्दलच असायचे आणि त्यांचं इंग्रजी करताना तुम्ही थोडा वेळ घ्यायचात. ‘कुणी विचारला?’ याचं उत्तर मिळाल्याशिवाय मात्र तुम्ही प्रश्न फळ्यावर घेत नव्हतात. आठवीत एकदा वर्ग बघायला पेठहून पाहुणे आले होते. धडा समुद्रात भरकटलेल्या जहाजाचा होता. "जहाजावर कोनी आजारी पडलं तं त्याला संगं नेत व्हते का मागं सोडत व्हते?" हा प्रश्न मी सांगितला तसे पाहुणे चमकले. तुम्ही विचारलंत, कुणाचा? मी म्हटलं, "माझाच, सर." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात पेठच्या बाजारात तुम्ही आईला भेटलात, मुलीचं कौतुक केलंत, आणि आई भोळेपणी म्हणाली की त्ये तं मीच इचारलं व्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात अवाक्षर काढलं नाहीत. शाळा सुटल्यावर मला थांबवलंत, फळ्यावर तोच प्रश्न पुन्हा लिहिलात आणि खडू माझ्या हातात दिलात. मी आईचं नाव लिहिलं. तेव्हा तुम्ही जे बोललात ते माझ्या कानात आहे अजून. "झालं, शिक्षा संपली. पण पुन्हा कधी दुसऱ्याच्या प्रश्नाखाली स्वतःचं नाव घालू नकोस. त्या माणसाकडे द्यायला तेवढंच असतं." मी रडत घरी गेले. आईला कारण सांगितलं नाही.

बारावीच्या परीक्षेआधी दोन महिने मी तुमच्या नाशिक रोडच्या घरी राहिले, तेव्हा मला कळलं की हा गृहपाठ तुम्ही स्वतःही करत होतात. रविवारी सकाळी काकू मेथी निवडत बसायच्या आणि तुम्ही पाटावर मांडी घालून त्यांना सोमवारचा धडा गोष्टीसारखा सांगायचात. पोळ्या करपायच्या. काकू म्हणायच्या, "मास्तर, तुमच्या गोष्टीपायी उपाशी राहायची वेळ येणार आपल्यावर," आणि लगेच पुढे काय झालं ते विचारायच्या. त्यांनी प्रश्न विचारला की तुम्ही लांबट वही काढायचात. प्रश्न, त्याखाली नाव, त्याखाली इंग्रजी, आणि मग दोन ओळी मोकळ्या, उत्तरासाठी. वर्गात उत्तर सापडलं तर तुम्ही ते त्या दोन ओळींत भरायचात. मी निघाले त्या दिवशी तुम्ही मला शब्दकोश दिलात. तुमचाच वापरलेला होता, पाठीला चिकटपट्टी लावलेला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘पाण्याचा प्रश्न विचारणाऱ्या आईच्या मुलीस’. तो शब्दकोश मी हरवला, सर. कुठं आणि कधी, तेही आठवत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्हाला ठाऊक असलेलं माझ्या बाजूनं सांगते. मी डी.एड. केलं, इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, नाशिकमध्येच नोकरी लागली. माझं बोललेलं इंग्रजी बरं होतं, म्हणून शिक्षकांना शिकवायच्या गटात माझी निवड झाली. तेव्हा पहिलीपासून इंग्रजी आलं होतं आणि त्याबरोबर नवी पद्धत आली होती. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचं. भाषांतर नको, अर्थ सांगणं नको, तासभर मराठीचा शब्द नको. गाणी, हातवारे, चित्रांची कार्डं, जोडीजोडीनं संवाद. मला ते मनापासून पटलं होतं, हे मी आजही नाकारत नाही. तुमच्या वर्गात आम्ही इंग्रजी वाचलं, लिहिलं, पण बोललो फारसं नाही. कॉलेजात पहिल्यांदा इंग्रजीत तोंड उघडायची वेळ आली तेव्हा माझी वाचाच बसली होती. नव्या पद्धतीत पहिलीतली लेकरं उड्या मारत इंग्रजी बोलत होती, आणि मला वाटायचं, आपल्याला हे का नाही मिळालं? त्यात आकस होता थोडा. आज कळतंय की तो आकस तुमच्यावर नव्हता, पण तो निघाला तुमच्यावर.

त्या शनिवारी एका अधिकारी साहेबांबरोबर मी जीपने घाट चढत होते. चार शाळा बघायच्या होत्या. साहेब गमत्या स्वभावाचे. सगळ्या वाटेवर डोंगरातल्या शाळा, डोंगरातली माणसं, त्यांचं बोलणं, यांच्या नकला करत होते. "यांना मराठी येईना धड, आणि म्हणे इंग्रजी!" मी हसत होते. त्यांना माहीत नव्हतं की मी कुठली. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. मी बोलायला लागले की नाशिकची, गंगापूर रोडची बाई वाटायचे, आणि तसं वाटावं म्हणून मी किती वर्षं जिभेला वळण लावलं होतं ते मलाच ठाऊक. आमच्या गावाचा फाटा आला, तिथलं मोहाचं झाड मी ओळखलं, आणि साहेबांना विचारलं, "अजून किती लांब आहे हो?"

शाळेच्या पायऱ्यांवर तुम्ही उभे होतात. केस पांढरे झाले होते. माझ्याकडे बघून तुमचा चेहरा उजळला, तुम्ही एक पाऊल पुढे आलात, आणि मी नमस्कार करून म्हणाले, "इंग्रजीचे शिक्षक आपणच का?" सर, मी ‘आपण’ म्हणाले. तुम्ही थांबलात. डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ. मग तुम्ही हात जोडून स्वतःचं पूर्ण नाव सांगितलंत, जसं अनोळखी माणसाला सांगतात, आणि म्हणालात, "या मॅडम." मी लपवायला निघालेली गोष्ट तुम्हीच माझ्यासाठी झाकून ठेवलीत. तास आठवीचा होता. तुम्ही घरचे प्रश्न घेत होतात, पोरं भराभर हात वर करत होती, वर्गात गावचं बोलणं नुसतं उसळत होतं आणि तुम्ही एकेक प्रश्न इंग्रजीत आणून फळ्यावर मांडत होतात. एक मुलगी म्हणाली, "माझ्या बानं इचारलाय, सर," आणि तिचा आवाज अभिमानानं चढला होता. साहेब माझ्याकडे झुकून म्हणाले, "मॅडम, हा इंग्रजीचा तास आहे का चावडी?" मी हसले. तोंडावर हात ठेवून हसले, पण तुम्ही बघितलंत. माझ्या मांडीवर निरीक्षणाचा तक्ता होता. ‘तासातील इंग्रजीचा वापर’ यापुढे मी लिहिलं, ‘अत्यल्प’. शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘शिक्षकांना प्रशिक्षणाची नितांत गरज’. नितांत हा शब्द कुणी सांगितला होता मला? साहेबांनीही नाही.

तुम्ही आलात प्रशिक्षणाला. वय छप्पन की सत्तावन, आणि आजूबाजूला सगळी तिशीच्या आतली पोरं. मी पुढे उभी राहून गाणं शिकवतेय, सगळे शिक्षक उभे आहेत, आणि मी सांगतेय की दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवा, बोटं हलवा, फुलपाखरू करा. मागच्या पोरांनी नुसताच चाळा चालवलाय. तुम्ही दुसऱ्या रांगेत आहात, चष्मा नाकावर घसरलाय, आणि तुम्ही अगदी मन लावून फुलपाखरू करताय. दहा दिवस तुम्ही पहिल्या घंटेला हजर होतात. मी दहा दिवस तुमच्याशी एकटीनं बोलायची वेळ येऊ दिली नाही. शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी तुम्हीच कप घेऊन जवळ आलात. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलावं असंही वाटलं. तुम्ही विचारलंत, "मॅडम, ते फुलपाखरू मला बरोबर जमलं का?" तुमच्या आवाजात टोमणा शोधला मी. नव्हता. आपल्याला खरंच येत नसेल, आपण खरंच मागे पडलो असू, असं तुम्हाला वाटत होतं. ते तुम्हाला मी वाटायला लावलं. मी म्हटलं, "छान जमलं, सर." एवढंच माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं.

तुम्ही निवृत्त झालात आणि दीड वर्षात गेलात. मला त्याच दिवशी फोन आला होता, पण मी चार महिन्यांनी भेटायला आले. काकूंनी चहा केला. त्यांनी मला काही म्हणजे काही ऐकवलं नाही, ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "त्या तपासणीपासून रविवारचा गृहपाठ बंदच केला गं त्यांनी. मी विचारलं तर म्हणायचे, आता तशी पद्धत राहिली नाही. आणि ट्रेनिंगनंतर वर्गात चुकून मराठी निघेल या भीतीनं बोलायचेच कमी. तासाला चित्रं घेऊन जायचे नुसते." मग आत जाऊन ती लांबट वही आणली. "जाताना म्हणाले होते, तिला दे." मी ती रिक्षातच उघडली. शेवटचं भरलेलं पान त्या शनिवारचं होतं. दुपारच्या एसटीने तुम्ही घरी गेला असाल, आणि काकूंना ती तपासणी एखाद्या धड्यासारखी सांगितली असेल. तुमच्या सरळ अक्षरात प्रश्न होता, ‘पोरगी तुमचीच ना? मग तिनं ओळख का नाही दाखवली?’ खाली काकूंचं नाव. त्याखाली इंग्रजी. आणि दोन ओळी मोकळ्या. पुढची सगळी पानं कोरी होती.

तर उत्तर असं आहे, सर. मला तुमची लाज वाटली नव्हती. तुम्हाला ‘सर’ म्हणून वाकले असते तर साहेबांनी विचारलं असतं, तुम्ही इथल्या का? मग मला ‘हो’ म्हणावं लागलं असतं, आणि घाटभर मी कुणाच्या नकलांना हसत होते ते उघडं पडलं असतं. एवढ्या एका ‘हो’साठी मी तुमची इतक्या वर्षांची शाळा बंद पाडली. याहून मोठं कारण नाही. मी खूप शोधलं, पद्धतीचं, धोरणाचं, वरून आलेल्या आदेशाचं, पण ते सगळं साहेबांना सांगायला ठीक आहे. मी ते तुमच्या दोन ओळींत लिहिणार नाही.

आता ऐका गंमत. इंग्रजीची पद्धत परत बदलली. मधल्या काळात काय काय नाही आलं. कवितेचं रसग्रहण ठरलेल्या मुद्द्यांत बसवून झालं, मुलं कविता न वाचताच मुद्दे पाठ करतात. धड्यांऐवजी जाहिराती आणि मुलाखती लिहायला आल्या, टीव्हीएवढे फळे आले, उच्चार शिकवायला मोबाइल आला. घरोघरी सेमी इंग्रजी झालं. आणि आता नव्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलंय की मुलाची घरची भाषा हीच इंग्रजीची पायरी आहे, तिला वर्गात येऊ द्या, पालकांना, आजीआजोबांना शिकण्यात सामील करा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसातल्या बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर मुख्य बाई म्हणाल्या, एखादा प्रत्यक्ष करता येईल असा उपक्रम द्या ना तुम्ही. मी त्याच आठवड्यात साड्यांखालची वही काढली.

गेल्या सोमवारी प्रशिक्षण झालं. साठ शिक्षक होते. मी त्यांना घरचा प्रश्न समजावला, पोस्टमनचा धडा सांगितला, पाण्याचा प्रश्न सांगितला. सगळे भराभर वहीत लिहून घेत होते. इतक्या वर्षांत माझा असा तास झाला नव्हता. संपल्यावर सुरगाण्याकडची एक तरुण शिक्षिका जवळ आली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "मॅडम, आमची पोरं तं बोलतच नाय वर्गात. ह्ये मी उद्याच करते. तुमच्याच डोक्यातनं आलंय का ह्ये सगळं?" बाकीचे फळ्याचे फोटो काढत होते. सर, तिच्या बोलण्यात माझ्या घरचा वास होता. तिला मी कुठली ते सांगायला मला कसलीच अडचण नव्हती, आज कोण हसणार आहे मला? तरी मी म्हणाले, "हो, अनुभवातून सुचलं." पुस्तिकेत तो उपक्रम जातोय. गुरुवारी त्या पानाचं प्रूफ माझ्या मोबाइलवर आलं. ‘घरचा प्रश्न’, आणि त्याखाली ‘संकल्पना’ असं लिहून माझं नाव. पेठच्या बाजारातल्या त्या भेटीनंतर तुम्ही माझ्या हातात खडू दिला होतात, तो मला डोळ्यांपुढे दिसत होता. पान दुरुस्त करून पाठवायला दोन मिनिटं लागली असती.

आज सकाळी आईला मी हे प्रशिक्षणाचं सांगितलं. आपल्या बोलीत, घरी बोलतो तसं. शेजारच्या खोलीत कुणी ऐकायला नाही, तरी मी अजून तिच्याशी हळू बोलते, ती सवय जात नाही. तिला ऐकू कमी येतं, पण पाण्याचा प्रश्न म्हटल्याबरोबर ती हसली. "अजून हाय व्हय तो?" म्हणाली. साठ मास्तरांनी तो वहीत लिहून घेतला, हे ऐकून सूप खाली ठेवलं. मग पदर झटकून नीट घेतला. मला वाटलं, विसरली. तर म्हणाली, "आन मास्तराचं नाव सांगलंस का त्याहला?"

मी म्हणाले, "हो, आई. सांगितलं."

"मंग बरं," म्हणाली आणि परत तांदूळ निवडायला लागली. मी आत येऊन हे लिहायला घेतलं. आता ते वहीतच ठेवीन, तुमच्या दोन मोकळ्या ओळींच्या पानात. प्रूफ मात्र मी गुरुवारीच वाचलं होतं, सर, आणि तेव्हाच खाली ‘ओके’ लिहून परत पाठवलं.